जुन्या सहकाऱ्यासाठी शिफारसपत्र: 'मेहनती आणि प्रामाणिक'च्या पुढे काय लिहायचं?

ओके_टॅग (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. विषय किरकोळ वाटेल, पण तीन रात्री झाल्या, कोरी फाईल उघडतोय आणि बंद करतोय.

मी क्वालिटीवाला. २०१३ ते २०१९ चाकणजवळ एका कारखान्यात होतो. ॲल्युमिनियम डायकास्टिंग (वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून नग ओतणं) आणि मशिनिंग. गाड्यांची वॉटर पंप हाउसिंग, ऑइल पंपाची कव्हरं वगैरे. तिथे माझ्या हाताखाली एक मुलगा होता. नाव बदलतो, शिवा म्हणू. मराठवाड्यातला, डिप्लोमा झालेला. ट्रेनी म्हणून आला आणि मी सोडलं तेव्हा फायनल इन्स्पेक्शनची अख्खी शिफ्ट सांभाळत होता. आता त्याला तळेगावच्या एका जर्मन कंपनीत सप्लायर क्वालिटीची जागा मिळू घातलीय. दोन मुलाखती झाल्या. आधीच्या वरिष्ठाचं शिफारसपत्र मागितलंय, इंग्रजीत, एक पानभर. नंतर मला फोनही करणार म्हणे.

शिवाचा फोन आला. "सर, तुम्हाला त्रास नको म्हणून मीच लिहून ठेवलंय. तुम्ही फक्त सही करा." व्हॉट्सॲपवर आलं ते वाचलं. डायनॅमिक आहे, रिझल्ट-ओरिएंटेड आहे, लीडरशिप तर ओसंडून वाहतेय. सहा वर्षं मी या पोराला रोज बघत होतो, पण त्या पत्रातल्या गृहस्थांची आणि माझी ओळख नाही. एआयकडून लिहून घेतलं असणार. त्याला दोष देत नाही, इंग्रजीची त्याला पहिल्यापासून धास्ती.

मग म्हटलं, आपणच लिहू. तर माझ्या हातून हे उतरलं (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठी करून देतो):

"श्री. शिवा यांनी माझ्या हाताखाली सहा वर्षे काम केले. ते अत्यंत मेहनती, प्रामाणिक व वक्तशीर आहेत. दिलेले काम पूर्ण करण्याचा ते नेहमी प्रयत्न करतात. सहकाऱ्यांशी मिळूनमिसळून वागतात. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा."

बायकोने वाचलं आणि म्हणाली, "हे आपल्या वॉचमनकाकांनाही चालेल की." खरं आहे. वर त्यात 'मिळूनमिसळून' हे धादांत खोटं आहे. शिवा माणूस सोन्यासारखा, पण तापट. एकदा डिस्पॅचच्या सुपरवायझरच्या हातातून त्याने मालाचं चलन हिसकावून घेतलं होतं. प्रकरण माझ्या टेबलापर्यंत आलं, दोघांना चहा पाजून मिटवलं.

तर प्रश्न असे. असं पत्र लिहिण्याची काही पद्धत असते का? तापटपणाचं काय करायचं, लिहायचं की गाळायचं? आणि त्याने दिलेल्या मजकुरावर सही न करता त्याला वाईट वाटू न देता कसं सांगायचं?

कडक_चहा

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडेही अशी दोन पत्रं तुंबलीत.

बाकी सही करून मोकळे व्हा हो. कोण वाचतंय?

एचारवाली

@कडक_चहा, मी वाचते. पगारच त्याचा घेते.

ओके_टॅग, सोळा वर्षं भरतीत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. विशेषणांवर डोळा ठरतच नाही. 'मेहनती, प्रामाणिक' दिसलं की नजर आपोआप खालच्या सहीकडे जाते. लिहिणारा कोण, हुद्दा काय, त्याने या माणसाला किती जवळून पाहिलंय, एवढं बघून कागद बाजूला. म्हणून पहिल्या दोन ओळींत तेच सांगा: तुम्ही त्याचे थेट वरिष्ठ होतात, कुठल्या साली, कुठल्या कामात, रोजचा संबंध होता की महिन्याच्या मीटिंगपुरता. लोक हे शेवटी लिहितात किंवा लिहीतच नाहीत. साक्षीदार कोण हे कळल्याशिवाय साक्षीला किंमत नाही.

पुढे एक प्रसंग. एकच. पण असा, की दुसऱ्या कोणाच्या पत्रात तो असूच शकत नाही.

आणि फोनची तयारी ठेवा, कारण खरी शिफारस तिथेच होते. माझा ठरलेला शेवटचा प्रश्न असतो, "संधी मिळाली तर या व्यक्तीला तुम्ही पुन्हा घ्याल का?" उत्तर काय येतं यापेक्षा किती वेळाने येतं ते मी ऐकते. 'हो' म्हणायला माणसाने आवंढा गिळला की मी पेन खाली ठेवते. तेव्हा लिहायच्या आधी हा प्रश्न स्वतःलाच विचारून घ्या. उत्तर लगेच 'हो' येत नसेल तर नम्रपणे नकार द्या. कोमट पत्रापेक्षा पत्र नसलेलं परवडतं.

तापटपणा पत्रात लिहू नका, पण 'मिळूनमिसळून' तर मुळीच लिहू नका. फोनवर कोणी विचारलं तर जे घडलं ते सांगा.

अवांतर: हेच तुम्ही लिंक्डइनवर टाकणार असाल तर तिथे ३००० अक्षरांची मर्यादा असते, पण तेवढं कोणी उघडत नाही. वरच्या दोन ओळी दिसतात, बाकीचं घडीत जातं. आणि त्याने तुमच्यासाठी, तुम्ही त्याच्यासाठी असं एकाच आठवड्यात लिहू नका. तारखा दिसतात. लग्नातल्या आहेरासारखं वाटतं ते.

नेकारकाठची

ओके_टॅग भाऊ, थांबा! कंपनी जर्मन आहे ना? मग तुमचं ते पाच ओळींचं पत्र चुकूनही पाठवू नका.

मी श्टुटगार्टला अकरा वर्षं आहे, नवरा गाड्यांच्याच धंद्यात. इथे नोकरी सोडताना मालकाकडून लेखी प्रशस्तिपत्र मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. आर्बाइट्सत्सॉयग्निस म्हणतात त्याला. ते खरं असावं लागतं आणि शिवाय कामगाराचं भलं चिंतणारंही असावं लागतं, म्हणजे उघड वाईट लिहायची सोय नाही. मग वाईट लिहायचं कसं? त्यातून इथल्या लोकांनी एक भाषाच तयार केलीय. वरवर सगळं गोड, आत इयत्ता.

'श्टेट्स त्सू उन्झरर फोलस्टन त्सुफ्रीडनहाइट', म्हणजे 'सदैव आमच्या पूर्णतम समाधानास पात्र', हे झालं पहिल्या दर्जाचं. ('पूर्ण'चं 'पूर्णतम' होत नाही हे त्यांच्याही व्याकरणाच्या बाई सांगतात, पण पहिला नंबर हवा तर तसंच लिहायचं.) 'पूर्णतम' ऐवजी नुसतं 'पूर्ण' आलं की दुसरा दर्जा. त्यातून 'सदैव' गळलं की तिसरा. नुसतं 'आमच्या समाधानास' म्हणजे काठावर पास. आणि 'त्यांनी नेहमी प्रयत्न केला' याचा अर्थ प्रयत्न केला, जमलं काहीच नाही. थेट नापास.

आता तुमचं वाक्य बघा: 'काम पूर्ण करण्याचा ते नेहमी प्रयत्न करतात.' अरे देवा.

'मिळूनमिसळून'चंही तेच. 'त्यांच्या मनमिळाऊपणाने खात्यातलं वातावरण चांगलं राहिलं' असं लिहिलेलं असलं की इथले लोक म्हणतात, गडी बाटलीवाला दिसतो.

गंमत म्हणजे, प्रशस्तिपत्राचा हक्क ज्या कलमात आहे, त्याच कलमात लिहिलंय की पत्र स्पष्ट असावं आणि शब्दांत दिसतं त्याहून वेगळा छुपा अर्थ त्यात ठेवू नये. गेवेर्बेऑर्डनुंग, म्हणजे इथल्या उद्योगधंद्यांच्या कायद्याचं कलम १०९. वाचतो कोण!

तळेगावच्या प्लांटमध्ये सगळे आपलेच असतील आणि तुमचं इंग्रजी पत्र इंग्रजीसारखंच वाचतील, तर प्रश्न नाही. पण शेवटची सही एखाद्या जर्मन साहेबाची असेल तर तो मनातल्या मनात भाषांतर करणार. म्हणून सरळ घटना लिहा. घटनेला इयत्ता लावता येत नाही.

ओके_टॅग

बापरे. क्वालिटी मॅनेजर जर्मनच आहे, मुलाखतीला व्हिडिओवर होता असं शिवा म्हणाला होता. नेकारकाठची ताई, तुम्ही पोराची नोकरी वाचवलीत.

एचारवाली, पुन्हा घेईन का? डोळे मिटून. आवंढा नाही, काही नाही.

पण एकच प्रसंग म्हटलं की सुचतच नाही. सहा वर्षं रोजचंच काम, त्यात वेगळं काय सांगणार? रिजेक्शन कमी केलं, ऑडिट पास झालं, हे सगळेच लिहितात.

निवृत्त_फोरमन

'सुचत नाही' म्हणता म्हणजे तुम्ही त्याच्या गुणांची यादी आठवताय. तसं आठवत नसतं. मी सांगतो तसं करा. घरी जेवताना जुन्या कंपनीच्या गप्पा निघाल्या की शिवाचा कुठला किस्सा तुम्ही सांगता? तो लिहा. सदतीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढलीत, निरोप समारंभाची भाषणं खंडीभर ऐकली. लक्षात राहिला तो फक्त भट्टीवाला एकजण. बोलणाऱ्याने त्याचा नुसता डबा खायचा प्रसंग सांगितला होता.

आणि त्या चलनाचं काय झालं होतं ते सांगा की. चलन कोणी उगाच हिसकावत नाही.

ओके_टॅग

फोरमनसाहेब, नेमकी खपली काढलीत. चलनाचा किस्सा आणि घरी सांगतो तो किस्सा एकच आहे. मी तो 'तापट' या खात्यात टाकून दिला होता.

२०१७, धनत्रयोदशीची रात्र. दुसऱ्या दिवसापासून कारखाना बंद. वॉटर पंप हाउसिंगचे ६४० नग टेम्पोत चढलेले, चलन फाटलेलं, ड्रायव्हर चहा पिऊन तयार. ग्राहकाची लाइन दिवाळीतही चालू राहणार होती आणि त्यांच्याकडे स्टॉक जेमतेम. शिवाची सेकंड शिफ्ट संपत आलेली.

आमच्याकडे लीक टेस्ट शंभर टक्के. पार्ट फिक्श्चरमध्ये (नग घट्ट धरणाऱ्या पकडीत) बसवायचा, मशीन आत हवा भरतं, थोडा वेळ धरून ठेवतं, दाब उतरला तर लाल दिवा, टिकला तर हिरवा. डायकास्टिंगला बारीक छिद्रं राहतातच, त्यामुळे शंभरात दोन-तीन नग लाल जाणार हे गृहीतच. त्या दिवशी शिवाने शिफ्टचा कागद भरायला घेतला तर रिजेक्शनच्या रकान्यात सलग चार तास शून्य. ऑपरेटर खूश, प्रॉडक्शनवाले खूश. सणाच्या दिवशी शून्य रिजेक्शन, लक्ष्मीच पावली म्हणायची.

शिवाने काय केलं, तर कपाटातला लाल मास्टर काढला. हा मुद्दाम भोक पाडलेला, लाल रंगवलेला नग असतो. शिफ्टच्या सुरुवातीला तो मशीनला लावायचा, मशीनने नापास केला की मशीन ठीक. नियमाने शिफ्टमध्ये एकदाच लावायचा आणि सुरुवातीला तो लावलाही होता, तेव्हा नापास झाला होता. याने शिफ्ट संपताना परत लावला. दिवा हिरवा.

मशीन आणि फिक्श्चर यांच्यामधली हवेची नळी ट्रेच्या कडेला दबून दुमडली होती. हवा पार्टपर्यंत पोचतच नव्हती, मग गळणार काय? मशीन आपलं नळीतला दाब मोजून सगळ्यांना पास करत सुटलं होतं.

हा धावत डिस्पॅचला. सुपरवायझर म्हणतो, गाडी सुटली समज, जे होईल ते दिवाळीनंतर. तेव्हा याने चलन ओढून घेतलं आणि खिशात घातलं. मला रात्री अकराला फोन, "सर, गाडी थांबवलीय. शिव्या खातोय. तुम्ही या." मी घरून निघेपर्यंत याने टेम्पो खाली करायला घेतला होता. ६४० नग परत टेस्ट केले. अकरा गळके निघाले. गाडी पहाटे पाचला गेली आणि ग्राहकाकडे वेळेत पोचली.

आता लिहिताना वाटतंय, तेव्हा मी त्याला शाबासकी दिली की नाही? आठवत नाही. चहा पाजला एवढं नक्की.

कडक_चहा

हे वाचून अंगावर काटा आला राव. सही करून मोकळे व्हा म्हणालो होतो, शब्द मागे.

नेकारकाठची

हेच! हेच्च लिहा. शून्य रिजेक्शन बघून ज्याच्या पोटात गोळा येतो त्या माणसासाठी जर्मन क्वालिटीवाला दार धरून उभा राहील.

झुळूक

वाचनमात्र असते, पण राहवलं नाही.

तुमच्या पहिल्या मसुद्यात 'मेहनती' होतं आणि 'हुशार' कुठेच नव्हतं. लाल मास्टर परत लावणं ही मेहनत आहे का हो? ती बुद्धी आहे.

२००३ मध्ये ट्रिक्स आणि सेंका या दोन अभ्यासक बायकांनी अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजमध्ये नेमणुकांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली होती. बायकांची पत्रं सरासरीने आखूड. त्यांच्याबद्दल कष्टाचे शब्द जास्त, आणि 'तशी ती बरी आहे, पण' छापाची शंका पेरणारी वाक्यंही जास्त. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. हात तसा वळला, इतकंच. मी कॉलेजात शिकवते. माझ्या स्वतःच्या शिफारसपत्रात 'अतिशय कष्टाळू आणि हसतमुख' होतं, माझ्याच बॅचच्या मुलाच्या पत्रात 'कुशाग्र'. मार्क माझे जास्त होते, पण ते जाऊ दे.

आपल्या कारखान्यांत ही वाटणी डिप्लोमा आणि डिग्रीमध्ये होते असं मला वाटतं. डिग्रीवाला हुशार, डिप्लोमावाला मेहनती. पत्र लिहून झालं की एकदा नाव झाकून वाचा आणि विचारा, हेच शब्द मी डिग्रीवाल्यासाठी वापरले असते का?

ओके_टॅग

झुळूक, थोडं टोचलं. मी स्वतः डिग्रीवाला. आमच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये मी किती जणांना 'मेहनती' लिहून तीनवर बसवलं ते आता मोजत नाही.

ओंटारियोचा_ऊस

जरा वेगळा मुद्दा, पुढे कोणी शोधत आला तर उपयोगी पडेल. परदेशी स्थलांतरासाठी जे अनुभवपत्र लागतं ते शिफारसपत्र नव्हे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीला (कुशल कामगारांना तिथे कायम राहायला घेण्याची योजना) लेटरहेडवर हुद्दा, तारखा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि वर्षाचा पगार एवढं लागतं. 'पहाटे पाचपर्यंत राबला' याचं तिथे कोणाला कौतुक नाही. माझ्या वेळी कंपनीने कामाचं स्वरूप लिहून द्यायला साफ नकार दिला. दोन छापील ओळी, अमुक ते अमुक काळ नोकरीत होते, बास. मग जुन्या टीमलीडकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. बिचारा रजा टाकून नोटरीकडे आला, वर मलाच मिसळ खिलवली.

निवृत्त_फोरमन

आता महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्राचा मुद्रांकही १०० चा राहिला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. मिसळ त्यांनीच खिलवली असेल तर तुमच्यावर कर्ज आहे.

लंडन_परतलेला

लेखी देताना कंपन्या का कचरतात त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स या खटल्यात ठरवलं की जुन्या कर्मचाऱ्याबद्दल पत्र लिहिताना मालकाने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, निष्काळजीपणे लिहून त्याचं नुकसान केलं तर मालक जबाबदार. परिणाम असा की तिथल्या बऱ्याच कंपन्या आता तारखा आणि हुद्दा यापलीकडे अक्षर लिहीत नाहीत. म्हणून जुन्या साहेबाने स्वतःच्या नावावर लिहिलेल्या पत्राला उलट भाव आलाय. ओके_टॅग, तुम्हीही जुन्या कंपनीच्या वतीने लिहीत नाही हे पत्रात स्पष्ट करा. आणि तिचं लेटरहेड चुकूनही नको.

ओके_टॅग

घ्या, दुसरा मसुदा. हाही मराठी करून:

"मी २०१३ ते २०१९ या काळात शिवाचा थेट वरिष्ठ होतो आणि त्याचे काम रोज पाहत होतो. हे पत्र मी वैयक्तिक नात्याने लिहीत आहे.

२०१७ च्या दिवाळीत एका रात्री लीक टेस्टमध्ये सलग चार तास एकही नग नापास झाला नाही. सगळ्यांना ही चांगली बातमी वाटली, शिवाला वाटली नाही. त्याने नियमात नसताना लाल मास्टर पुन्हा लावला आणि मशीन सदोष नगही पास करत असल्याचे शोधले. दुमडलेली हवेची नळी शोधून दुरुस्त केली. भरलेली गाडी थांबवली, ६४० नग पुन्हा तपासले, त्यातले अकरा गळके निघाले. माल ग्राहकाला वेळेत पोचला. पुढच्या आठवड्यात दर दोन तासांनी मास्टर लावण्याचा नियम त्याच्या सूचनेवरून सुरू झाला आणि मी सोडेपर्यंत चालू होता.

दबावाखाली तो सही करत नाही आणि का करत नाही हे स्पष्ट शब्दांत सांगतो. सप्लायरकडे जाऊन त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याच्या कामासाठी मला त्याच्याहून योग्य माणूस माहीत नाही. संधी मिळाल्यास मी त्याला पुन्हा घेईन."

कसं वाटतंय? 'स्पष्ट शब्दांत' मध्ये तापटपणा बसवलाय. खोटं नाही ना ते?

एचारवाली

खोटं नाही. त्या रात्री डिस्पॅचवाल्याला स्पष्टच कळलं असेल. :)

ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर नाही हे बरं केलंत. जुन्या कंपनीची माहिती बाहेर नेल्यासारखं होतं, आणि वाचणारा मनात म्हणतो, हा उद्या आमचंही असंच सांगेल. दोन तासांच्या नियमाची ओळ फार मोलाची आहे. रात्रभर जागणारे खूप असतात, सकाळी नियम बदलायला लावणारे कमी. आधीच्या किश्श्यात ती तुम्ही सांगितलीच नव्हतीत!

फक्त पाठवण्याआधी शिवाला दाखवा. फोनवर त्याला काही वेगळं विचारलं आणि तुमच्या पत्रात वेगळं असलं तर दोघांचीही पंचाईत.

नेकारकाठची

शेवटी 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' गाळल्यात, तेवढी एक घाला. इथे शेवटच्या ओळीत शुभेच्छा नसल्या तर रागाने निरोप दिला असं समजतात.

ओके_टॅग

शुभेच्छा घातल्या. शिवाला पाठवलं. त्याच्या मजकुरावर सही न केल्याचं मी कसं सांगावं या विचारात होतो, पण त्याने तो विषयच काढला नाही. दोन तास काही उत्तर नाही. मग फोन न करता त्याने पत्राची प्रिंट काढून, लाल पेनाने दोन खुणा करून, फोटो पाठवला. खाली मराठीत:

"सर, गळके अकरा नव्हते, नऊ होते. अकरा पहिल्या वेळी लाल गेले, पण दोघांच्या सीलखाली चिप (धातूचा कीस) अडकली होती, पुसून लावल्यावर पास झाले. रिपोर्टमध्ये नऊ आहे. दुसरं, नळी मी नाही शोधली. मी फक्त मास्टर लावला आणि मेंटेनन्सला बोलावलं, नळी त्यांच्या मामांनी शोधली. ते विचारतील तर मला खोटं सांगता येणार नाही."

अकराचे नऊ केले. 'मेंटेनन्सला बोलावून नळीचा दोष दूर करून घेतला' असं केलं. सकाळी १०:४० ला मेल गेला.

झुळूक

आणि डायनॅमिक?

ओके_टॅग

गाळलं. :)

फोन अजून आलेला नाही. शनिवार-रविवार मी गावाला आहे, तिथे वाड्यात रेंज येत नाही, गोठ्याच्या छपरावर चढावं लागतं. हे बोलता बोलता शिवाला सांगितलं, तर त्याने लगेच आमच्या हिचा नंबर मागून घेतला. तिचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं आहे, ते ओसरीवर चालतं का हेही विचारून घेतलंय.